दोन डाव्या बाह्या

मला लोक पाठीमागे मुकादम म्हणतात, हे मला माहीत आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा सुपरवायझर म्हणून. तिथल्या मुलींनी ते नाव ठेवलं आणि निवृत्तीनंतर ते माझ्या पाठोपाठ शिवणाच्या खोलीतही आलं. तोंडावर मात्र सगळे ताई म्हणतात. माझी हरकत नाही. चार माणसं एका खोलीत जमली की त्यांच्यावर ओरडणारं कुणीतरी लागतंच, आणि ते काम मला न शिकता येतं.

पण ही गोष्ट माझी नाही, चष्मेवालीची आहे.

चष्मेवाली म्हणजे बाजाराच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान आहे, तिथं काचा घासून फ्रेममध्ये बसवणारी बाई. वय सत्तेचाळीस, उंच, हाडकुळी, बोलणं मोजकं. तिला स्वतःला चष्मा नाही, याचा तिला कोण अभिमान. एखादी काच अर्धा मिलिमीटर जास्त घासली गेली तर तिला त्या दिवशी घास गिळत नाही, असं तिचा नवरा सांगतो. तो लिफ्ट दुरुस्त करतो. वर म्हणजे वर आणि खाली म्हणजे खाली असं बोलणारा माणूस, त्यामुळे तो वाढवून सांगत नसावा. त्यांना एक मुलगी आहे, पंधरा वर्षांची, आईसारखीच उंच आणि आईपेक्षा दुप्पट बोलणारी.

आमची खोली वाचनालयाच्या मागच्या अंगाला आहे. पूर्वी तिथं टेबल टेनिस खेळायचे. खेळणारे हळूहळू पांगले, टेबल उरलं. कापड कापायला त्याच्यासारखं दुसरं टेबल नाही. कमरेइतकं उंच, गुळगुळीत, आणि मधली पांढरी रेघ धरून कापड लावलं की ते सुतासारखं सरळ बसतं. भिंतीशी सहा मशीनं, एका कोपऱ्यात कपडा घालून बघायला पडदा. पडदा मुळात न्हाणीघराचा आहे, त्याच्यावर मासे आहेत. दर शनिवारी तीन ते सहा आम्ही तिथं असतो. आमच्यात कुणीही धंद्यानं शिंपी नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते खरं आहे. आमच्या काही कपड्यांनाही नाही.

नेहमी येणारे चौघं. मी आणि चष्मेवाली, या दोघी. तिसरी लाँड्रीवाली मावशी. तिला तिच्याहून मोठी माणसंसुद्धा मावशीच म्हणतात. गुबगुबीत, हसरी, इस्त्री तिच्या हाती दिली की कुणाचंही वाकडं शिवण सरळ दिसायला लागतं. चौथे मास्तर. पूर्वी मोटार चालवायला शिकवायचे, आता पिशव्या शिवतात. फक्त पिशव्या. सात वर्षं झाली, मी कितीदा सांगितलं की एखादा पायजमा तरी करून बघा. पालथ्या घड्यावर पाणी.

खोलीत नियम एकच आहे आणि तो चष्मेवालीनं केलेला आहे. आपली चूक आपण उसवायची नाही. टीप चुकली की कपडा शेजारच्याकडे द्यायचा, त्यानं उसवायचा, तोवर आपण त्याचं काहीतरी हातात घ्यायचं. कारण साधं आहे. स्वतःची चूक माणूस रागानं उसवतो, दोरा ओढतो आणि कापड फाडून ठेवतो. दुसऱ्याची चूक उसवताना मात्र तो शांत असतो, किंबहुना जरा खुशीतच असतो. नियम झाला तेव्हा मी नाक मुरडलं होतं. पण त्यानंतर नऊ वर्षांत आमच्या खोलीत एक कापड फाटलं नाही. त्या नऊ वर्षांत चष्मेवालीनं आमचं सगळ्यांचं उसवलं. तिचं उसवायची वेळ कुणावर आली नाही, कारण तिचं चुकायचंच नाही.

त्या शनिवारी ती एक सैल, पुढून उघडणारा सदरा शिवत होती. फिकट निळा, मऊ सुती. जावेसाठी आहे, असं म्हणाली. मी समोर बसून एका कॉलरशी झटापट करत होते. मान मोडून आली म्हणून वर बघितलं, तर तिनं सदऱ्याच्या उजव्या खांद्याला बाही जोडली होती आणि ती बाही डावी होती. डाव्या खांद्याला आधीच एक लागलेली होती, तीही डावी. शिवणाऱ्याला हे पटकन दिसतं. बाही पुढच्या अंगाला थोडी खोलगट असते, मागच्या अंगाला फुगीर. दुसरी बाही उलटून घ्यायची विसरलं की दोन्ही एकाच हाताच्या होऊन बसतात. नवशिके करतात असं. मी पहिल्या वर्षी दोनदा केलं होतं.

उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड. "काय गं," मी म्हटलं, "तुझ्या जावेला दोन्ही हात डावेच आहेत वाटतं?"

मास्तर फिसकन हसले. चष्मेवालीनं सदऱ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, नऊ वर्षांनी पहिली चूक झाली, म्हणून जिव्हारी लागलं असेल. मी सदऱ्याचं एक टोक धरलं.

"आण. मी उसवते."

"राहू द्या, ताई. मी उसवीन."

"वा. नियम कुणाचा?"

"सोडा ना, ताई."

मी सोडायला हवं होतं. मी सोडलं नाही. तिनं एका बाजूनं ओढलं, मी दुसऱ्या. तिच्या हाताला केवढा जोर आला होता. "जावेचाच आहे ना," मी म्हटलं, "मग एवढं काय..."

"जावेचा नाही. माझा आहे." तिनं सदरा सोडला नाही, फक्त दुसरा हात डाव्या छातीवर ठेवला. "इथं गाठ निघाली. कॅन्सर आहे. मंगळवारी सकाळी ऑपरेशन आहे."

मास्तरांचं मशीन थांबलं. 

मग तिनं सगळं सांगितलं, एका सुरात, दुकानात गिऱ्हाइकाला नंबर वाचून दाखवते तसं. ही दुसरी तारीख होती. पहिल्या तारखेला ती नवऱ्याबरोबर हॉस्पिटलात गेली, फॉर्म भरला, सही करायची वेळ आली तेव्हा पेन खाली ठेवलं आणि दुकानात मालाची मोजणी आहे असं सांगून घरी परतली. डॉक्टरांनी नंतर फोन करून स्पष्ट बजावलं होतं, गाठ अजून आटोक्यात आहे, पण तुम्ही थांबलात म्हणून ती थांबणार नाही. घरात नवऱ्याशिवाय कुणाला पत्ता नव्हता. त्याला तिनं शपथ घातली होती. मुलीला सांगितलं होतं की रक्त कमी आहे, तपासण्या चालू आहेत.

"आणि हीसुद्धा तारीख मी रद्द करणार आहे," ती म्हणाली. "सोमवारी फोन करते."

"मग हा सदरा कशाला शिवतेस?" मी विचारलं.

"ठाऊक नाही."

आता यावर शहाण्या माणसानं तिचा हात धरला असता. मी ओरडले. भीती वाटली की मी ओरडते. मूर्ख आहेस का, म्हटलं, पोरगी पदरात आहे, आणि काय काय बोलले ते सगळं आठवत नाही हे बरंच आहे. मास्तरांना वाटलं आपण धीर द्यावा. "माझ्या एका चुलतभावाला असंच..." त्यांनी सुरुवात केली. पुढे त्या चुलतभावाचं काय झालं असेल ते त्यांच्या तोंडावर दिसलं. मी असे डोळे वटारले की त्यांनी उरलेला चुलतभाऊ गिळून टाकला.

मावशीनं काय केलं, तर इस्त्री बंद केली. खोलीत असेपर्यंत मावशी इस्त्री बंद करत नाही. ती सावकाश टेबलाला वळसा घालून आली, चष्मेवालीचं मनगट धरलं आणि म्हणाली, "चल जरा आत."

दोघी माशांच्या पडद्याआड गेल्या. भिंतीला कान असतात म्हणतात, पडद्याचं माहीत नाही. पण पडद्याबाहेर मास्तरांचे आणि माझे मिळून चार होते. आधी टिचबटणं सुटल्याचे आवाज आले, एकामागून एक. मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की मी उठायला निघाले, आणि मास्तरांनी मला हातानं खाली बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला काही सांगितलं आणि मी ऐकलं.

मग चष्मेवालीचा आवाज आला. "हे टाके कुणी घातले?"

"होता एक डॉक्टर. आता निवृत्त झाला."

"बरं झालं."

पडद्यामागून आधी एक फिसकारा आला, मग दुसरा. मग दोघी हसायला लागल्या त्या थांबेचनात. "मावशी, किती वाकडे घातलेत. मी असते तर सगळे उसवून परत घालायला लावले असते." "अगं, मी झोपले होते ना तेव्हा." पुन्हा हसणं. हसता हसता त्यातलं एक हसणं रडण्यात गेलं, पण ते कुणाचं ते मला कळलं नाही. मास्तर हातातली पिशवी डोळ्यांना लावून बसले होते.

बाहेर आल्यावर मावशीनं बटणं लावत लावत आम्हाला सांगितलं. अकरा वर्षं झाली. उजवी बाजू सगळी काढली होती. त्या जागी लावायची बाजारातली तयार गादी काखेत घासायची, म्हणून ती स्वतः शिवायला शिकली. आत कापूस आणि वजनासाठी थोडे जवस. तेवढ्यासाठी ती या खोलीत आली आणि मग राहिली. "सांगायचं काय त्यात," ती म्हणाली, "इथं मी शिवायला येते, दुखणं मांडायला नाही. आज गरज पडली म्हणून सांगितलं."

इथं मला एक कबुली द्यायची आहे. माणसाकडे नुसतं बघून मी छातीचं माप अचूक सांगते, अशी माझी ख्याती होती. ती मीच पसरवली होती. मावशीचं तर मी टेप लावून चार वेळा माप घेतलं होतं आणि चारही वेळा मान डोलावून म्हटलं होतं, बघा, मी म्हटलं तेवढंच भरलं. मावशीला माझं तोंड बघून दया आली असावी. "वाईट वाटून घेऊ नका, ताई," ती म्हणाली. "शिवलंयच तसं."

चष्मेवाली टेबलाशी येऊन बसली. तिचा रंग परत आला होता. पण मी विचारलं, "मग? जाणार ना मंगळवारी?" तर तिनं मान हलवली, आणि ती होकाराची नव्हती.

"मला मरायची भीती नाही वाटत," ती म्हणाली. मग म्हणाली, "खोटं बोलले. वाटते. पण त्याहून एक गोष्ट आहे. डॉक्टर म्हणाले, नुसती गाठ काढायची की सगळंच काढायचं हे आत बघून ठरवू. म्हणजे मी तिथं भूल घेऊन पडलेली असणार, आणि माझं काय ठेवायचं, काय टाकायचं, ते दुसरंच कुणीतरी ठरवणार. ताई, मला माझ्या हातातली काच दुसऱ्याला घासायला देववत नाही. हे कसं देऊ?"

घोडं इथं अडलं होतं तर. मी एक्स्चेंजमध्ये असताना शिकले होते की माणूस खरं कारण सांगतो तेव्हा आवाज चढवायचा नाही. मी माझ्या परीनं खाली आणला.

"नऊ वर्षं तू आम्हाला काय सांगतेस? आपलं चुकलेलं आपण उसवायचं नाही, नाहीतर कापड फाटतं. माझी कॉलर मी निमूट तुझ्या हाती देते. मास्तर पिशवी देतात. मला काय बरं वाटतं का दर शनिवारी? नियम तुझा आहे. आमच्यावर लावलास, आम्ही पाळला. आता तुझी पाळी आली तर म्हणे मी उसवीन."

"ही काही बाही नाही, ताई."

"नाहीच. बाही असती तर मी एवढी ओरडले असते का?"

"असता," मास्तर म्हणाले.

ती हसली नाही. टेबलाच्या पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवत बसली, इकडून तिकडे, तिकडून इकडे.  मग तिनं तो सदरा घडी न करता तसाच टेबलावरून माझ्याकडे सरकवला. हो म्हणाली नाही. पण सरकवला. मी बारीक टोकाची कात्री काढली आणि तिची टीप उसवायला घेतली. इतकी बारीक टीप होती की एका बाहीला पाऊण तास लागला. तोवर तिनं माझी कॉलर उसवली. ती पाच मिनिटांत झाली, माझी टीप कशी असते ते सगळ्यांना माहीत आहे.

रविवारी वाचनालय बंद असतं. मास्तरांनी राखणदाराला एकेकाळी गाडी शिकवली होती, त्या ओळखीवर किल्ली आणली. मावशी काय काय लागेल त्याची यादी तोंडपाठ घेऊन आली होती, हॉस्पिटलच्या कागदावर नसलेली. हात वर जाणार नाही, म्हणून डोक्यातून घालायचं काही नको. काज-बटणं नकोत, टिचबटणं हवीत, एका हातानं उघडता येणारी. काखेत ठेवायला एक छोटी मऊ उशी, म्हणजे हात अंगाला घासत नाही. आणि जखमेतलं पाणी यायला नळी लावतात, तिच्या टोकाची बाटली अडकवायला गळ्यातून घेता येईल अशी पिशवी.

पिशवी म्हटल्यावर मास्तर जे उठले. ते औषधाच्या दुकानात जाऊन त्या बाटलीचं माप घेऊन आले. तळाचा घेर, मानेचा घेर, उंची. एक धुवायला गेली तर दुसरी, म्हणून दोन कापल्या, मग चार झाल्या. पट्टा खांद्यावर रुतू नये म्हणून त्याला आतून अस्तर लावलं. सात वर्षं मी त्या माणसाच्या पिशव्यांना नावं ठेवली. त्या दिवशी मी त्यांना दोरे ओवून दिले आणि तोंड बंद ठेवलं.

दुपारी चष्मेवाली आली, बरोबर नवरा आणि मुलगी. मुलीला सकाळी सांगितलं होतं. ती आल्याआल्या माझ्यावरच उखडली. "तुम्हाला आधी सांगितलं आणि मला नाही."

"मलाही सांगितलं नव्हतं," मी म्हटलं. "मी ओढून काढलं. आता रागावून झालं असेल तर ही उशी भर. कापूस दाबून नको, हलक्या हातानं."

तिनं उशी भरली. दर मुठीला नाक ओढत होती, पण भरली झकास. नवरा दाराशीच उभा होता. महिनाभर तो बिचारा बायकोला एकच वाक्य सांगत होता, होईल सगळं नीट, आणि ती त्यावर चिडत होती. त्यानं मला हळूच विचारलं, "मला काही करता येईल का?" मी त्याला टिचबटणं दिली. लिफ्टचे दोर आवळणारी ती बोटं. एक बटण लावायला त्याला वीस मिनिटं लागली आणि सुई तीनदा वाकली. पण अशी सहा बटणं त्यानं लावली, की सदरा फाटेल पण बटण सुटणार नाही. चष्मेवाली टेबलाच्या पलीकडून बघत होती. तिला त्यांतली दोन रेषेत नाहीत हे दिसत असणार. ती काही बोलली नाही.

सोमवारी दिवसभर मी फोनसमोर बसून होते. तिनं तारीख रद्द केली तर मला कळवायचं, असं नवऱ्याशी ठरलं होतं. इतकी वर्षं फोनच्या तारांत काढली, पण फोन वाजू नये असं इतकं कधी वाटलं नव्हतं. दुपारी वाजला. पहिल्याच घंटेला मी उचलला. मास्तर होते. विचारत होते, तुम्हाला काही फोन आला का. त्यांना मी जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. त्यानंतर वाजला नाही.

मंगळवारी सकाळी मास्तर गाडी घेऊन आले. त्यांची ती शिकवण्याची जुनी गाडी, दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली. मागे चष्मेवाली, तिच्या एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला मी. पुढे नवरा. मावशी लाँड्रीला कुलूप लावून बसनं आधीच पोचली होती. हॉस्पिटलची इमारत दिसायला लागली आणि चष्मेवाली म्हणाली, "थांबा."

मास्तरांनी ब्रेक दाबला. त्याच वेळी नवऱ्यानंही दाबला, त्याच्या बाजूचा. गाडी जागच्या जागी उभी राहिली. मागून कुणीतरी भोंगा वाजवायला लागलं. ती समोर बघत होती. मुलीनं तोंड उघडलं, मी तिचा हात दाबला. माझ्या जिभेवर दहा वाक्यं तयार होती आणि दहाही मी गिळली. मला विचाराल तर माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम ते.

"ताई," ती शेवटी म्हणाली, "ती बाही उसवताना कापड कुठं फाटलं नाही ना?"

"नाही."

"कुठंच?"

"कुठंच नाही. तुझी टीप होती, आणि माझा हात शांत होता."

तिनं एक श्वास घेतला. "चला मग."

हॉस्पिटलात पुन्हा तोच फॉर्म होता. तिनं पूर्ण वाचला, एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि सही केली. आत नेताना नर्सनं ढकलखुर्ची आणली. "मला चालता येतं," ती म्हणाली, आणि त्या लांब बोळातून ताठ चालत गेली, वळून न बघता. मुलगी रडली. नवरा म्हणाला, होईल सगळं नीट, आणि त्या दिवशी त्याच्यावर कुणी चिडलं नाही.

चार तास लागले. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, सगळंच काढावं लागलं, पण सगळं निघालं. काखेतल्या गाठी साफ होत्या, रोग तिथवर पोचला नव्हता. आमच्यातलं कुणी ओरडलं नाही, नाचलं नाही. मावशी भिंतीला टेकून खाली बसली आणि पाय लांब केले. मास्तर म्हणाले, पिशवी बरोबर बसली का ते कुणी बघेल का.

पिशवी बरोबर बसली होती. शुद्धीवर आल्यावर सगळंच काढलं हे तिला नवऱ्यानं सांगितलं. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडली होती. ते मी इथं लपवत नाही, कारण तेही तिचंच आहे. तिसऱ्या दिवशी पट्टी बदलताना तिनं आरसा मागितला. बराच वेळ बघितलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "टाके चांगले आहेत. शेवटची गाठ जरा जाड आलीये." डॉक्टरांनी चष्मा वर करून वाकून बघितलं आणि म्हणाले, खरंच की. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तिनं मावशीला ते दहा वेळा सांगितलं. "तुमच्यापेक्षा माझे सरळ आहेत." मावशी खोटं खोटं रुसली. शेजारच्या खाटेवरची बाई मास्तरांच्या पिशवीकडे बघत होती, त्यांतली एक तिला दिली. पुढच्या आठवड्यात नर्सनं निरोप पाठवला, अजून आहेत का. मास्तर सध्या आठवड्याला बारा शिवतात आणि चालताना छाती काढून चालतात.

पाचव्या शनिवारी ती खोलीत आली. मशीनवर बसायची परवानगी नव्हती, फक्त व्यायाम. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं भिंतीला लावायची आणि मुंगीसारखी वर चालवत न्यायची, दुखेल तिथपर्यंत. पहिल्या दिवशी बोटं खांद्यापर्यंतही पोचली नाहीत. मावशीनं शिवणाच्या खडूनं तिथं रेघ मारली. मी जाऊन शेजारी माझा हात वर केला, जिथं टेकला तिथं एक जाड रेघ ओढली. "इथवर यायचं," म्हटलं. मावशी म्हणाली, "ताई, तुम्ही बुटक्या आहात, हे काही विशेष नाही." मी म्हटलं, "आधी येऊ तर दे."

दर शनिवारी एक रेघ. कधी बोटभर वर, कधी तितकीच, एकदा तर दोन बोटं खाली आली आणि त्या दिवशी तिनं आमच्याशी बोलणं टाकलं. ती रेघही मावशीनं मारली. खाली आली म्हणून सोडायची नाही, म्हणाली. मधे गोळ्या सुरू झाल्या, त्या पाच वर्षं घ्यायच्या आहेत. केस गेले नाहीत, भूक गेली. मुलगी तिला घेऊन यायची आणि थांबायची. थांबता थांबता एक स्कर्ट शिवून बसली, ज्याचा घेर चारही बाजूंनी वेगळा होता. तो तिच्या आईनं उसवला, उजव्या हातानं, बसल्या बसल्या.

सोळाव्या शनिवारी ती आली ती सरळ भिंतीशी गेली. पर्स खाली ठेवली, बोटं लावली आणि चालवायला लागली. गेल्या आठवड्याची रेघ गेली. कपाळाला घाम आला होता, दात आवळलेले दिसत होते. माझी जाड रेघ आली. ती तिथं थांबेल असं मला वाटलं. ती थांबली नाही. बोटं रेघ ओलांडून वर गेली, अजून वर, आणि सगळा हात डोक्यावर सरळ उभा राहिला, कोपर ताठ, काख उघडी. मावशी खडू घेऊन पुढे झाली तर ती म्हणाली, "नको. मला द्या." दुसऱ्या हातानं खडू घेतला, वरच्या हातात दिला, आणि तिथं, माझ्या रेघेच्या वीतभर वर, त्याच हातानं रेघ मारली.

 रेघ चांगलीच तिरकी आली.

मास्तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. मावशी रडत होती. मुलगी आईच्या कमरेला मिठी मारून उड्या मारत होती. मी मात्र मुकादम आहे. "रेघ वाकडी आहे," मी म्हटलं. "पुसून परत मार."

अर्ध्या मिलिमीटरसाठी जेवण सोडणारी ती बाई. तिनं मान मागे टाकून त्या रेघेकडे बघितलं, डावा डोळा मिटून, दुकानात काच तपासते तसं.

"असू दे," ती म्हणाली.